वाऱ्यासाठी खणलेला चर

आऊस गाव मागे पडलं आणि झाडं संपली. पुढचा रस्ता नामिब वाळवंटातून थेट अटलांटिकच्या काठावरच्या लुडेरिट्झला जातो. गाव जवळ येऊ लागलं तशी डांबरावरून वाळू आडवी वाहताना दिसली. कडेला इशाऱ्याची पाटी होती, तिच्यावर एकच शब्द: वाळू. चालकाने काचा घट्ट बंद केल्या, तरी दाताखाली कचकच जाणवतच राहिली.

समुद्रात बेंग्वेलाचा थंडगार प्रवाह, तर जमिनीवर तापलेलं वाळवंट. या दोहोंमुळे दक्षिणेकडून येणारा वारा दुपारनंतर आणखी चेकाळतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जगभरातले विंडसर्फर त्याच्यासाठीच इथे येतात. मीही त्यांना बघायलाच आले होते.

वारा जितका जोरात तितका वेग जास्त, अशी माझी समजूत होती. सेकंड लगून नावाच्या उथळ खाडीवर पोहोचल्यावर खरी अडचण दिसली. एवढ्या वाऱ्यात उघडं पाणी खवळतं, आणि लाटांवर आपटणारा अरुंद बोर्ड पाण्याला धरून राहत नाही. वारा वादळाचा हवा, पण पाणी ताटात ठेवल्यासारखं स्थिर हवं. निसर्ग या दोन गोष्टी एकत्र देत नाही, म्हणून इथे खाजणात एक लांब चर खणला आहे. वारा कोरड्या काठावरून थेट चरात उतरतो, त्यामुळे लाट उठायला त्याला जागाच मिळत नाही. चर वाऱ्याला तिरका आखला आहे, कारण वारा पाठीमागून कोनात घेतला तरच शीड पुरतं खेचतं.

ही युक्ती फ्रान्समधली. भूमध्य समुद्राकाठच्या सँत-मारी-द-ला-मेर इथल्या अशाच चरात एरिक बील 1988 मध्ये 40 नॉटच्या पुढे गेला. तिथेच 2008 मध्ये आंत्वान अल्बोने 49.09 नॉट गाठले. पन्नाशी मात्र हुलकावणी देत राहिली. ती 2012 मध्ये लुडेरिट्झला ओलांडली गेली, आणि 2015 मध्ये अल्बोने इथेच 53.27 नॉटचा नवा विक्रम केला. म्हणजे ताशी 98 किलोमीटरहून जास्त, तेही क्षणभराचा वेग नव्हे, तर 500 मीटरची सरासरी! या अंतराला अठराएक सेकंद लागतात. त्या सेकंदांसाठी माणसं आठवडेच्या आठवडे योग्य वाऱ्याची वाट बघत बसतात. मला ही चिकाटी त्या वेगाइतकीच थोर वाटते.

मी काठावर पाय रोवून उभी राहिले. वाळूचे कण गालांवर सुयांसारखे टोचत होते. वरच्या टोकाला एकजण निघाला. अंगात वजनाचं जाकीट, डोक्यावर हेल्मेट, हातात छोटंसं शीड. तो जवळजवळ पाण्यावर आडवा झाला होता. आधी फक्त शीड दिसलं. मग फाटल्यासारखा आवाज आला आणि तो माझ्यासमोरून गेलासुद्धा. चर इतका अरुंद की तोल गेला तर काठ चुकवायला वेळच मिळत नाही. खालच्या टोकाला गाडी उभी होती. बोर्ड आणि शीड चढवून ती खेळाडूंना पुन्हा वर नेत होती.

संध्याकाळी शार्क बेटावर गेले. बेट आता जमिनीला जोडलेलं आहे. 1905 ते 1907 या काळात जर्मन वसाहतीने इथल्या छावणीत हेरेरो आणि नामा लोकांना कोंडलं. उपासमार, सक्तीची मजुरी आणि याच थंड वाऱ्यात त्यांतले असंख्य मेले. लुडेरिट्झला येणाऱ्या प्रत्येकाने, मग तो वेगासाठी का आला असेना, इथे यायला हवं असं मला मनापासून वाटतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चरावर परतले. वाऱ्याचा अंदाज आदल्या दिवसापेक्षा मोठा होता. दोघं-तिघं मोठी शिडं गुंडाळून ठेवत होते आणि सर्वांत लहान शिडात काठ्या सरकवत होते.