राजनांदगावचं तिकीट

कोल्हापूरहून गोंदियाला जाणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस नगरला येते तेव्हा शहर गाढ झोपलेलं असतं. शहराचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण रात्रीचा रिक्षावाला अजून ‘नगर स्टेशन ना?’ असंच विचारतो. फलाटावरच्या दिव्याखाली भाचा पिशवीवर बसून वही लिहीत होता. मी डोकावलो तर लपवायचं सोडून त्याने ती माझ्यापुढेच धरली.

डावीकडे तारखा, पुढे पाच रकाने. पहाटे उठणं. शास्त्रवाचन. मोबाईल तासाच्या आत. चहा नाही. राग नाही. जमलं तर हिरवी खूण, नाही जमलं तर लाल फुली. पहिले चार रकाने शेतासारखे हिरवेगार होते. पाचव्यात मात्र नुसता शिमगा.

भाचा सव्वीस वर्षांचा. सुप्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात क्वालिटीला आहे. दिवसभर हातात व्हर्निअर घ्यायचा, माप बसलं तर माल पुढे, नाही बसलं तर लाल खोक्यात. तिथली चेकशीट संपली की घरी येऊन ही दुसरी भरायची. लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा उपासकाळ, सुरू होऊन आठ-नऊ दिवस झाले होते. राखेच्या बुधवारी त्याने चहा सोडला होता आणि त्या दिवसापासून त्याचा राग वाढलाय, असं माझी बहीण म्हणत होती. हा संबंध वहीत कुठे नोंदलेला नव्हता.

आम्ही निघालो होतो राजनांदगावला. तिथे ओळखीचं कुणी नाही, पाहण्यासारखं खास काही असेल असंही आम्हाला कुणी सांगितलेलं नव्हतं. कारण एवढंच की १८९३ साली एक तरुण कवी नागपूरहून तिकडे जाणाऱ्या गाडीत बसला होता.

नगरच्या ख्रिस्ती घरात ही गोष्ट पोरांना दुधाबरोबर मिळते. नारायण वामन टिळक, जन्म १८६१चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. चित्पावन ब्राह्मण, संस्कृतात मुरलेला, कीर्तन करणारा, कविता करणारा आणि एका जागी न टिकणारा. नागपुरात आप्पासाहेब बुटी या धनिकाच्या आश्रयाने संस्कृत ग्रंथांचं काम केलं, ‘ऋषी’ नावाचं मासिक चालवलं. जातिभेद नको, मूर्ती नको, असा एखादा नवाच धर्म आपण काढावा असंही डोक्यात घोळत होतं. मग राजनांदगावच्या संस्थानात नोकरी लागली. गाडीत एका गोऱ्या प्रवाशाने जागा करून दिली, संस्कृत काव्याच्या गप्पा मारल्या आणि उतरण्याआधी नव्या कराराची प्रत हातात ठेवली. हे वाचाल तर दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल, असं भाकीतही केलं. तो माणूस कोण, हे टिळकांना जन्मभर कळलं नाही. १० फेब्रुवारी १८९५ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. भाकिताची मुदत बरोबर साधली.

गेल्या रविवारी तरुण संघात कुणीतरी ही गोष्ट रंगवून सांगितली आणि भाचा घरी येऊन म्हणाला, “मामा, त्या मार्गाने जाऊन येऊ या का?” काय सापडेल असं त्याला वाटत होतं, मी विचारलं नाही. रजा शिल्लक होती.

शुक्रवारी दिवस मावळताना नागपूर आलं. रात्र एका लॉजमध्ये काढली. शनिवारी सकाळी तर्री-पोहे खाऊन आम्ही पूर्वेकडे जाणाऱ्या गाडीच्या जनरल डब्यात शिरलो. आरक्षण मुद्दामच केलं नव्हतं. टिळकांना कुणीतरी जागा करून दिली होती, आपल्यालाही देतंय का बघू, हा भाच्याचा हट्ट. कामठीपर्यंत कुणी दिली नाही. भंडारा रोडपर्यंतही नाही. भाचा एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत उभा होता आणि पाचवा रकाना धोक्यात आल्याचं त्याच्या कानांच्या लालीवरून दिसत होतं.

ज्या रुळांवर आम्ही उभ्याने हेलकावे खात होतो, त्यांची कथा टिळकांच्या गोष्टीत कुणी सांगत नाही. नागपूर ते राजनांदगाव ही वाट आधी मीटरगेज होती, नागपूर-छत्तीसगड रेल्वे म्हणायचे. १८८७ साली बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी निघाली, तिने हा मार्ग घेतला, रुंद केला आणि पुढे बंगालपर्यंत नेऊन भिडवला. टिळक बसले तेव्हा ही रुंद वाट नवीकोरी होती. एक मराठी कवी आणि एक साहेब अशा नव्या गाडीत समोरासमोर आले, ते काही तास कुणालाच उठून जाता येत नव्हतं म्हणून. बैलगाडीच्या काळात हा संवाद झाला असता असं मला वाटत नाही.

तुमसर रोड मागे पडलं आणि वैनगंगेचा पूल आला. पाणी कमी, वाळू फार. पुलाच्या खडखडाटात शेजारच्या बाकावरच्या आजींनी भाच्याच्या शर्टाची बाही ओढली.

“बस नं बाबू, जागा आहे.”

जागा मुळीच नव्हती. त्यांनी गाठोडं मांडीवर घेतलं, सुनेला कोपराने सरकवलं आणि वीतभर फळी मोकळी केली. त्या डोंगरगडला बमलेश्वरीच्या दर्शनाला निघाल्या होत्या. हजारावर पायऱ्या, गुडघे दुखतात, पण नातवाचा नवस. भाचा अंग चोरून बसला. तिरोड्याला चहावाला आला. आजींनी तीन कप घेतले आणि एक त्याच्यापुढे धरला.

“नको आजी. सोडलाय.”

“पोट दुखते का?”

“नाही. उपास आहे.”

“उपासाले तं चहा चालते!”

डबा हसला. भाच्याने पुन्हा मान हलवली, जरा जास्तच जोरात. आजींनी तो कप स्वतः प्यायला, एक शब्द बोलल्या नाहीत आणि खिडकीबाहेर बघत बसल्या. भाच्याने वही काढून चौथ्या रकान्यात हिरवी खूण केली. माझ्या मते ती चुकीच्या रंगात झाली, पण मी मामा, मी कशाला बोलू.

गोंदियानंतर गर्दी थोडी सैल झाली. भाच्याने मोबाईलवर वाचन उघडलं. वर्षात सगळं शास्त्र संपवायचं अशी योजना त्यात आहे. सहासष्ट पुस्तकांचे ११८९ अध्याय, म्हणजे दिवसाला तीनावर थोडे. त्या दिवशी लेवीयच्या पुस्तकातली अर्पणं चालू होती. तो अंगठ्याने भराभर वर सरकवत होता, पावतीवरचे नियम वाचावेत तसा.

टिळकांचं उलटं झालं होतं. त्यांनीही पुस्तक पहिल्यापासून शिस्तीत वाचायला घेतलं, खुणा करायला पेन्सिल घेतली, पहिल्यांदा बरेच आक्षेप काढले. मग मत्तयाच्या पाचव्या अध्यायाशी, डोंगरावरच्या प्रवचनाशी आले आणि तिथेच थांबले. पाच, सहा, सात. या तीन अध्यायांतून ते पुढे जाईनात. ज्या प्रश्नांवर नवा धर्म काढायचा बेत होता, त्यांची उत्तरं इथे आधीच कुणीतरी देऊन ठेवलीत असं त्यांना दिसलं. पुढची दोन वर्षं ते वाचत होते, ख्रिस्ती नियतकालिकाला नाव न देता पत्रं लिहीत होते, शंका विचारत होते. गाडीतली भेट काही तासांची. गोष्ट सांगणारे मात्र ती भेट तिखटमीठ लावून सांगतात आणि दोन वर्षं एका वाक्यात गिळतात.

हे मी भाच्याला सांगितलं. तो म्हणाला, “म्हणजे त्यांचं टार्गेटच नव्हतं?”

“दोन वर्षांचं होतं की. पण ते दुसऱ्याने दिलेलं.”

सालेकसाच्या पुढे जंगल लागलं आणि पळस सुरू झाला. पान एक नाही, सगळं झाड निखाऱ्यासारखं. दरेकसा हे या बाजूचं महाराष्ट्राचं टोक. त्यानंतर बोगदा, आणि बोगद्यापलीकडे बोरतलावची पाटी, छत्तीसगडची. डोंगरगडला आजी उतरल्या. जाताना त्यांनी भाच्याच्या हातावर फुटाण्यांची पुडी ठेवली. “उपासाले चालते का नाही, तू पाह्य,” म्हणाल्या. भाच्याने ती फोडली नाही. पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवली, दिवसभर.

राजनांदगाव हे एकेकाळी वैरागी महंतांचं संस्थान. गादी बापाकडून मुलाकडे न जाता गुरूकडून चेल्याकडे जायची, असा मूळचा रिवाज. अशा दरबारात नोकरीला आलेला हा माणूस पुढे १९१७ साली मिशनच्या पगारावर पाणी सोडून स्वतःच संन्यासी झाला, साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ काढून बसला आणि बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही त्यात घेतलं. तुकोबांच्या पुलावरून मी ख्रिस्ताकडे आलो, असं त्यांचं म्हणणं होतं. त्या पुलाचा एखादा खांब इथेही रोवला गेला असेल का, हा माझा आपला तर्क.

गावात टिळकांच्या नावाची पाटी आम्हाला दिसली नाही. बंद पडलेल्या बंगाल-नागपूर कॉटन मिलची भिंत दिसली, राणीसागर आणि बूढासागर हे दोन तलाव दिसले, आणि त्यांच्यामध्ये दिग्विजय महाविद्यालय. तिथे दुसराच मराठी माणूस भेटला. गजानन माधव मुक्तिबोध १९५८ साली या महाविद्यालयात शिकवायला आले. घरची भाषा मराठी, धाकटे बंधू शरच्चंद्र मराठीतले कवी, आणि हे हिंदीत लिहिणारे. ते राहायचे तिथे आता स्मारक आणि संग्रहालय आहे. घरात गोल फिरत जाणारा जिना आहे, त्यांच्या कवितांत तो पुन्हापुन्हा येतो. भाचा त्यावर दोनदा चढला-उतरला. मुक्तिबोध मार्क्सवादी, देवाशी त्यांचं देणंघेणं नाही. पण स्वतःला रात्रंदिवस उलटतपासायची खोड या माणसाला टिळकांपेक्षाही जबर होती. मी तसं म्हटल्यावर भाच्याने विचारलं, “मग त्यांचं माप बसलं का?” मला उत्तर सुचलं नाही. सत्तेचाळीस पुरी व्हायच्या आत, १९६४ मध्ये, ते गेले.

संध्याकाळी तलावाच्या काठावर बसलो आणि मी पिशवीतून ‘स्मृतिचित्रे’ काढलं. लक्ष्मीबाई टिळकांचं हे आत्मचरित्र १९३४पासून भागाभागाने प्रसिद्ध झालं. आमच्या घरी ते पवित्र शास्त्राच्या खालच्या फळीवर असतं, बाबा पदमनजींच्या ‘अरुणोदया’शेजारी. ‘अरुणोदय’ १८८८चं, तेही एका तरुणाने आपला धर्म कसा शोधला याचीच हकिगत. पण त्यात सांगणारा स्वतः आहे. टिळकांचं भाग्य किंवा दुर्भाग्य असं की त्यांची हकिगत बायकोने सांगितली, आणि बायकोला सगळं माहीत असतं.

नवरा बाटला म्हणून ही बाई काही वर्षं माहेरच्या माणसांत राहिली. मग मुलाला घेऊन परत आली, पण सोवळं सोडलं नाही. जात देवाने केलेली नसून माणसाने केलीय, हे एके दिवशी तिचं तिलाच उमगलं, आणि त्यानंतर कुणाच्या हातचं खायला ती मागे-पुढे बघेना. १९०० साली तिने बाप्तिस्मा घेतला. नवऱ्याचे पुष्कळ गुण ती सांगते, आणि त्याच्या चुली विझवणाऱ्या उदारपणाबद्दल, धांदरटपणाबद्दल, रागाबद्दलही सांगते. बाप्तिस्म्याच्या आधी रागीट होते. बाप्तिस्म्यानंतर रागीट होते. आमच्या ‘उपासना संगीता’तली इतकी गाणी लिहिणारा हा माणूस भडकला की घर डोक्यावर घ्यायचा, आणि उतरला की लहान मुलासारखा मऊ व्हायचा.

भाच्याने पुस्तक माझ्या हातातून घेतलं आणि अंधार पडेपर्यंत दिलं नाही. मध्ये दोनदा मोठ्याने हसला. मग म्हणाला, “आमच्याकडे असा पीस आला तर आम्ही रिजेक्टमध्ये टाकत नाही.”

“मग?”

“रिवर्कला जातो. काही काही तर चार-चारदा जातात.” थोडा वेळ दगडाने काठावर रेघोट्या ओढल्या. “सुपरवायझरला रिवर्क आवडत नाही. वेळ जातो.”

रविवारी सकाळी जवळच्या एका छोट्या मंडळीत हिंदी उपासनेला बसलो. शेवटच्या बाकावर आमच्यासाठी लोक सरकले, इथे मात्र लगेच. दुपारी परतीची गाडी. स्टेशनवर तिकिटं सापडेनात. मी खिसे उलटे केले, पाकीट झटकलं.

“मामा, किती वेळा सांगितलं तुम्हाला, एका जागी ठेवत जा! प्रत्येक वेळी हेच!” आवाज एवढा चढला की हमालसुद्धा वळून बघायला लागला. मी गप्प. गाडीचा भोंगा ऐकू आला तेव्हा भाच्याने घाईने वही पिशवीत कोंबली आणि तिच्यातून दोन्ही तिकिटं फलाटावर पडली. शनिवारच्या पानावर खूण म्हणून त्यानेच ठेवली होती.

डब्यात बसल्यावर बराच वेळ तो काही बोलला नाही. मग फुटाण्यांची पुडी फोडली आणि माझ्यापुढे केली. बोगदा आला, गेला. पळस आता उन्हाच्या बाजूला होता. त्याने वही काढली, पाचव्या रकान्यात लाल फुली मारली आणि पेन तसंच धरून बसला.

गोंदियाला चहावाला चढला.

“मामा, लेंटच्या चाळीस दिवसांत रविवार धरत नाहीत ना?”

“नाही धरत.”

“आजींना हे काल माहीत असतं तर...”

“काल शनिवार होता.”

“हो, तेही आहे,” म्हणाला आणि दोन कप घेतले. चौथ्या रकान्यात काय भरावं ते त्याला ठरवता येईना. गाडी हलली तसा कपातला चहा हिंदकळून पानावर सांडला, आणि पुसता पुसता लाल फुली हिरव्या खुणेत मिसळली.