परत घेतलेले वाक्य

चाळीस वर्षे कीर्तनाला उभा राहिलो. त्यातले एक वाक्य परत घ्यायचे आहे, म्हणून हे लिहितो.

माझ्या धाकट्या नातीच्या अंगावर जन्मापासून निळ्या मऊ गाठी. पाठीवर एक, दंडावर दोन, पुढे तळपायावरही. दाबली की चपटी व्हायची, बोट उचलले की हळूहळू पुन्हा भरायची. सहाव्या वर्षी पोर पांढरीफटक पडली. चार पावलांत धाप लागे. त्याच सुमारास गावच्या सप्ताहात निरूपणाच्या ओघात मी बोलून गेलो, "अंगावरची खूण म्हणजे मागल्या जन्माचा हिशेब." श्रोत्यांनी माना डोलावल्या. बायकांत बसलेली माझी सून पोरीला उचलून निघून गेली.

रात्री तिने मुलाला सांगितले, पोरीला महिनाभर डांबरासारखी काळी शौचास होते. ती आजवर बोलली नव्हती, कारण घरात अंगारा चालू होता आणि तो लावणारा मीच होतो.

इस्पितळात हिमोग्लोबिन पाच निघाले. आधी रक्त चढवले. मग दुर्बिणीतून पाहिले, तर जठरात आणि आतड्यात तशाच निळ्या गाठी. तिथून रक्त थेंबथेंब झिरपत होते. या दुखण्याला ब्लू रबर ब्लेब नेव्हस म्हणतात. हे नाव १९५८ साली विल्यम बीन या अमेरिकन डॉक्टरांनी दिले. डॉक्टरीणबाईंनी सांगितले, या गाठी म्हणजे नीट न घडलेल्या शिरा. बहुतेक वेळा गर्भ वाढताना एखाद्या पेशीच्या जनुकात बदल होतो आणि त्यातून त्या उपजतात. आईबापांकडून हे सहसा येत नाही.

"मग दोष कुणाचा?" मी विचारले.

"कुणाचाच नाही, आजोबा."

सून तेव्हा पहिल्यांदा रडली. माझी मान खाली गेली.

उपचाराचेही ऐका. लोहाचे औषध, गरजेला रक्त. दुर्बिणीतून पोहोचता येईल ती गाठ बांधतात किंवा जाळतात, काही वेळा शस्त्रक्रिया करतात. पण गाठी पुष्कळ असल्या की किती कापणार? तिला सिरोलिमस नावाचे औषध सुरू केले. १९६४ साली कॅनडातून गेलेल्या संशोधकांनी प्रशांत महासागरातल्या ईस्टर बेटावरून माती आणली. तिच्यातल्या जिवाणूपासून हे औषध सापडले. त्यावर काम करणारे सुरेंद्रनाथ सहगल हे आपल्याच काशी हिंदू विश्वविद्यालयात शिकलेले. कंपनीने काम थांबवले तेव्हा त्यांनी नमुना घरच्या फ्रीजरमध्ये जपून ठेवला. १९९९ मध्ये अमेरिकेत ते मूत्रपिंड बदललेल्या रुग्णांसाठी मान्य झाले, आणि पुढे या दुखण्यातही गुण देते असे दिसले. गोरोबाकाकांची माती कीर्तनात किती वेळा मळली मी! मातीत औषध असेल हे कधी मनात आले नाही.

हे औषध दुखणे मुळासकट काढत नाही. गाठी आकसतात, रक्त थांबते. बंद केले तर पुन्हा सुरू होऊ शकते. शरीराची रोगाशी लढण्याची ताकद कमी होते, म्हणून साधा ताप आला तरी डॉक्टर गाठावा लागतो. रक्त वरचेवर तपासतात.

नात आता नऊ वर्षांची आहे. दोन वर्षांत रक्त चढवावे लागले नाही. गर्दीत नेऊ नका असे बजावले आहे, म्हणून पालखी ती ओट्यावरूनच पाहते. यंदा मी तिच्याजवळ बसलो होतो.

गेल्या सप्ताहात मी त्याच जागी उभा राहून सुनेची माफी मागितली. सगळ्या गावासमोर मागितली, कारण चूकही गावासमोरच केली होती.

माउली, आपल्या दिंडीत कुणी पांढरे पडले, काळी शौचास होते म्हणाले, अंगावर निळ्या गाठी दिसल्या, तर अंगारा नको आणि हिशेबही नको. त्यांना डॉक्टरकडे पोहोचवा. माझा तेवढा एक महिना वाया गेला, तुमचा जाऊ नये.