मोज्यांचा हिशेब

नानांचा पाय वाजायचा. मी पाच-सहा वर्षांची असेन. संध्याकाळी ते पिपलानीतल्या आमच्या क्वार्टरच्या ओट्यावर येऊन बसले की मी त्यांच्या डाव्या नडगीवर, दारावर मारतात तशी टकटक करायचे. पँटच्या कापडाखालून ॲल्युमिनियमचा टणटण आवाज यायचा आणि नाना आवाज बदलून विचारायचे, "कोन हाय?" मी माझं नाव सांगायचे. मग ते म्हणायचे, "ये न मंग आत." माणसाच्या पायात असं घर असतं, यात मला तेव्हा काहीच नवल वाटलं नव्हतं.

आम्ही जळगावकडचे, नाना पांढुर्ण्याचे. बाबा आणि ते भोपाळच्या भेलमध्ये, म्हणजे भारत हेवी इलेक्ट्रिकल्समध्ये, एकाच शॉपमध्ये फिटर होते. १९६० साली हा कारखाना उभा राहिला आणि देशाच्या कानाकोपऱ्यातून आलेल्या लोकांनी पिपलानी, बरखेडा, गोविंदपुऱ्यातली क्वार्टरं भरली. त्यात मराठी घरं भरपूर. आमच्या एका ओळीत तमिळ, बंगाली, मल्याळी आणि दोन मराठी. आमच्या घरात खानदेशी बोलीचा वास, नानांच्या घरात वऱ्हाडीचा, आणि बाहेर पडलं की सगळ्यांची भोपाळी हिंदी. आई त्यांना 'नाना भाऊजी' म्हणायची, त्यांच्या बायकोला आम्ही काकू.

१९८७च्या पावसाळ्यात रायसेनच्या रस्त्यावर त्यांच्या स्कूटरला ट्रकनं उडवलं. डावा पाय गुडघ्याखाली वीतभर राखून बाकीचा कापावा लागला. ही 'वीतभर' किती मोलाची, हे मला कळायला माझं वय वीस व्हावं लागलं. स्वतःचा गुडघा शाबूत असेल तर माणूस चढ चढतो, पायरी उतरतो, खाली बसून उठतो. गुडघा गेला की चालण्याचा सगळा हिशेब बदलतो आणि चालायला ताकदही कितीतरी जास्त लागते. नाना म्हणायचे, "डाक्टरनं मायासाठी गुडघा वाचवला. बाकी मी पाहून घेतलं."

त्या हिवाळ्यात ते जयपूरला गेले. सवाई मानसिंह रुग्णालयात डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस रबराचं ते पाऊल घडवलं होतं, ज्याला जग 'जयपूर फूट' म्हणतं. परदेशी पावलाला बूट लागायचा, आणि ते घालून शेतात उतरता येत नसे की मांडी घालून पंगतीला बसता येत नसे. या पावलानं अनवाणी चालता आलं, उकिडवं बसता आलं. १९७५पासून भगवान महावीर विकलांग सहायता समिती ते फुकट बसवून देत होती. सेठींना १९८१मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पण नानांच्या तोंडी नाव असायचं ते रामचंद्रांचं. ते फारसे शिकलेले नव्हते, मूळचे हस्तकारागीर. "मास्टरजी," नाना म्हणायचे आणि हात जोडायचे. जयपूरला त्यांनी आपल्यासाठी ॲल्युमिनियमचा पत्रा हातोडीनं ठोकून घडवला जाताना पाहिला होता. फिटरच्या नजरेनं पाहिला होता. परत आल्यावर त्या पायाचे रिव्हेट सैल झाले की ते स्वतःच बदलायचे. फक्त रबराचं पाऊल झिजलं की जयपूर गाठायचे.

रोज रात्री नऊच्या सुमाराला ओट्यावर त्यांचा एक विधी चालायचा. पाय काढायचा, भिंतीला टेकवायचा. खुंटावरचे सुती मोजे एकेक करून उतरवायचे. ओल्या फडक्यानं कातडी पुसून आरशाचा एक छोटा तुकडा खाली धरायचा आणि कुठे लाल झालंय का, फोड आलाय का ते पाहायचं. मग काकू मोजे धुवायला न्यायच्या. घरात काहीही चालू असो, हे चुकलं नाही. पुढे कॉलेजात दुसऱ्या वर्षी 'स्टम्प हायजीन', म्हणजे खुंटाची निगा, शिकवायला सुरुवात झाली तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर तो ओटा आणि तो आरशाचा तुकडा होता.

२०१२ला मी बारावी झाले. वैद्यकीयला नंबर लागेल इतके गुण नव्हते, आणि घरात सगळे गप्प होते. एके सकाळी नाना आले आणि म्हणाले, "चाल माया संगं." त्यांनी मला खजुरी कलाँ रस्त्यावर नेलं. केंद्र सरकारचं समेकित क्षेत्रीय केंद्र तिथे आहे. पत्ता 'पोस्ट पिपलानी' असाच लिहितात, आणि लोक त्याला सीआरसी म्हणतात. तिथे समांतर दांड्यांच्या मधे पाचेक वर्षांचा एक मुलगा दोन्ही पायांना कॅलिपर लावून उभा होता. त्याच्यासमोर एक तरुण गुडघे टेकून बसला होता. त्यानं कॅलिपरचा पट्टा सोडला, पोटरीवरची लाल रेघ बोटानं चाचपली, उठून आत गेला, कडेवर कानस फिरवून परत आला. असं तीनदा केलं. चौथ्यांदा मुलगा दांडी सोडून दोन पावलं चालला आणि त्याच्या आईनं पदर तोंडाला लावला. नाना माझ्याकडे न बघता म्हणाले, "हे फिटरचंच काम हाय पोरी. फकत लोखंडाच्या जागी माणूस हाय."

बाबांना पटत नव्हतं. पाय बनवायला साडेचार वर्षं? चार वर्षं शिक्षण आणि सहा महिने इंटर्नशिप, असा हा बॅचलर इन प्रॉस्थेटिक्स अँड ऑर्थोटिक्सचा अभ्यासक्रम. नाना म्हणाले, "टर्बाइनचं पातं घासायले शिकाले आपल्याले किती वर्सं लागले? हे तं माणसाचं अंग हाय." पहिल्या वर्षाचे वसतिगृहाचे पैसे त्यांनी आपल्या निवृत्तीच्या रकमेतून दिले. बाबांनी ते दोन वर्षांत फेडले, आणि नानांनी नोटा मोजून घेतल्या. "पैशाचा हिशेब मिटला म्हंजे बोलनं मोकळं राह्यते," ते म्हणाले. तेवढा हिशेब मिटला.

मी मुंबईला हाजी अलीच्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्थेत आले. १९५५मध्ये सुरू झालेली ही संस्था. पदवी नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची. संध्याकाळची पंजाब मेल भोपाळहून निघाली की सकाळी मुंबई. पहिल्या वर्षी शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र, यंत्रशास्त्र, पदार्थविज्ञान आणि वर्कशॉप. मला सगळ्यात अवघड गेली ती कानस. लोखंडाचा चौकोनी तुकडा गुण्यात घासून द्यायचा असायचा. माझा प्रत्येक तुकडा मधे उंच, कडेला उतरता व्हायचा.

दिवाळीच्या सुट्टीत घरी आले तर नानांनी मागच्या अंगणातल्या वाइसमध्ये पट्टी पकडून ठेवली होती. त्यांनी माझ्यामागे उभं राहून माझे खांदे धरले. "हातानं नोको घासू, कमरेतून घास. पुढं जाताना दाब, मागं येताना उचल. मागं येताना कानस काही कापत नाही, फकत दात बोथट होतात." एक आठवडा मी रोज सकाळी दोन तास ते केलं. सुट्टी संपताना त्यांनी आपली अर्धगोल कानस मला दिली. शिसवीची मूठ त्यांनी स्वतः लेथवर घडवलेली, वीस वर्षांच्या घामानं काळी पडलेली. प्लास्टिकच्या सॉकेटची, म्हणजे खुंट ज्यात बसतो त्या खोळीची, कड गोल करायला आजही मी तीच घेते. यंत्रानं काम लवकर होतं, पण शेवटचा हात तिचाच.

आणि मग त्यांचा खुंट. तिसऱ्या वर्षी गुडघ्याखालच्या सॉकेटचं शिक्षण सुरू झालं. पॅटेलर टेंडन बेअरिंग सॉकेट, म्हणजे पीटीबी, १९५०च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियात बर्कलेला विकसित झालं. त्यामागचा विचार असा की स्टम्पचा प्रत्येक भाग सारखा भार घेऊ शकत नाही. गुडघ्याच्या वाटीखालचा जाड स्नायुबंध दाब सहन करतो. नडगीची धार सहन करत नाही. बाहेरच्या बाजूला फिब्युलाच्या हाडाचं डोकं मुळीच सहन करत नाही, कारण त्याच्या मानेला वळसा घालून एक नस कातडीच्या अगदी जवळून जाते. पुस्तकात हे रंगीत चित्रात होतं. पिपलानीच्या ओट्यावर ते माझ्या बोटाखाली होतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत नाना पाय काढून बसायचे आणि मी जांभळ्या पेन्सिलीनं एकेक जागा आखायचे. फिब्युलाच्या डोक्याला ते 'गोटी' म्हणत. "गोटीपाशी जपून," ते सांगायचे, "तिथं मुंग्या येतात, मंग पंजापर्यंत जातात." जो पंजा १९८७मध्ये गेला त्या पंजापर्यंत. काकू चहा ठेवायच्या आणि त्या जांभळ्या रेघा रात्री फडक्यानं पुसून टाकायच्या.

इंटर्नशिपमध्ये मी विदर्भातल्या एका वर्कशॉपमध्ये होते. नाना तिथे स्वतःहून आले. ॲल्युमिनियमचा पाय आता फार सैल झाला होता. त्यांनी रांगेत उभं राहून केसपेपर काढला आणि माझ्यासमोर बसल्यावर म्हणाले, "नमस्कार मॅडम." मी हसले. ते हसले नाहीत. "इथं मी पेशंट हाय," ते म्हणाले.

मी स्टम्पवर ओलं प्लास्टर बँडेज गुंडाळलं, दोन्ही अंगठे वाटीखालच्या स्नायुबंधाच्या दोन बाजूंना दाबून धरले आणि ते घट्ट होईपर्यंत हलू दिलं नाही. साचा सोलून काढला, आत प्लास्टर ओतलं, भरीव प्रतिकृती तयार केली. आता खरं काम असतं ते या पांढऱ्या प्रतिकृतीवर: जिथे दाब हवा तिथून प्लास्टर खरवडून काढायचं, जिथे नको तिथे थापायचं. मग भट्टीत प्लास्टिकची शीट पारदर्शक होईपर्यंत तापवायची, प्रतिकृतीवर ओढायची आणि पंपानं हवा काढून घ्यायची. मी दोन रात्री झोपले नाही. गोटीवर चढवलेला थर नंतर गुळगुळीत करताना मी नकळत पुष्कळसा घासून टाकला. बोटांना तो गुळगुळीतपणा फार सुंदर लागत होता.

ट्रायलला नाना समांतर दांड्यांत उभे राहिले. चालले. वळले. मी विचारलं, "दुखतंय का?" ते म्हणाले, "काही नाही. एकदम फर्स्टक्लास." पुन्हा चालले. आमचे सर कोपऱ्यात उभे राहून बघत होते. त्यांनी नानांचा चेहरा पाहिला असावा, कारण ते पुढे आले आणि म्हणाले, "काका, बसा. पाय काढा." मोजा उतरवला. गोटीवर रुपयाएवढा गडद लाल डाग होता, आणि नानांच्या कपाळावर घाम. सर माझ्याकडे वळलेच नाहीत. नानांसमोर उकिडवे बसून ते शांतपणे म्हणाले, "तुम्ही हिचे कोण लागता ते मला माहीत नाही. पण तुम्ही गप्प राहिलात तर ही उद्या अशीच दुसऱ्या कोणाला उभं करेल. तो तुमच्यासारखा आरशात बघणारा नसेल."

नाना बराच वेळ काही बोलले नाहीत. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "दुखतंय पोरी. पह्यल्या पावलापासून दुखतंय." मी प्लास्टरच्या खोलीत जाऊन रडले, आणि परत येऊन लिपस्टिकनं सॉकेटमधली चुकीची जागा शोधली. डाग जिथे आला त्या कातडीवर लिपस्टिक लावायची, मोजा न घालता स्टम्प सॉकेटमध्ये घालायचा. आत ती जिथे उमटते तिथे सॉकेट घासायचं किंवा तापवून बाहेर काढायचं. पण मला तेवढ्यावर भागवायचं नव्हतं. नवीन प्रतिकृती केली, नवीन सॉकेट ओढलं. पाच दिवस नाना तिथल्या धर्मशाळेत राहिले. त्या पाच दिवसांत त्यांनी मला जे सांगितलं ते कोणत्याही वर्गात कोणी सांगितलं नव्हतं: दुखणं किती प्रकारचं असतं ते. पाऊल टाकताना टोचणारं, उचलताना ओढणारं, बसल्यावर सुरू होणारं, रात्री नसलेल्या अंगठ्यात येणारं. प्रत्येकाला त्यांच्याकडे वेगळा शब्द होता. चुनचुन, ठनका, वढ, आग. मी ते सगळे वहीत उतरवून घेतले.

आता नागपुरात मी रोज पाय बसवते. समोरचा माणूस "काही नाही, चांगलं आहे" म्हणतो, तेव्हा मी त्याचं कपाळ बघते. पुष्कळ जण गप्प राहतात. पैसे भरलेले असतात, बस चुकेल म्हणून घाई असते, किंवा समोरची मुलगी एवढी राबली तर तिला वाईट वाटू नये म्हणून. मी त्यांना नानांचे शब्द एकेक करून विचारते. चुनचुन आहे का? वढ आहे का? तिसऱ्या-चौथ्या शब्दाला कोणीतरी मान हलवतं.

नानांचा नवा पाय वाजत नाही. प्लास्टिक आहे, टकटक केलं तर मुका आवाज येतो. जुना पाय त्यांनी मागच्या खोलीत खुंटीला टांगून ठेवलाय.

स्टम्प वर्षानुवर्षं आकसत जातो. सॉकेट तेच राहतं, म्हणून मधली जागा मोज्यांनी भरायची. मोज्यांची संख्या फार वाढली की समजायचं, सॉकेट बदलायची वेळ आली. दर गणपतीत नानांचा फोन येतो आणि ते सुरुवातीलाच आकडा सांगतात. पहिल्या वर्षी एक मोजा. मग दोन. मागच्या वर्षी तीन. यंदा त्यांनी आधी काकूंचं, मग पावसाचं, मग पांढुर्ण्याच्या शेताचं सगळं सांगितलं. मी वाट बघत होते.

"किती मोजे, नाना?"

"पाच." मग थोडं थांबून, "आनि दुखतंय. गोटीच्या खाली, मागच्या अंगाले. आग नाही, वढ हाय."

मी शुक्रवारच्या जी.टी. एक्स्प्रेसचं तिकीट काढलं आहे. पिशवीत सहा प्लास्टर बँडेज, जांभळी पेन्सिल, आणि ती कानस.