नवसाचा शमुवेल

ओझरला विघ्नेश्वरापुढे उभ्या असलेल्या बायकांचे ओठ बघावेत. डोळ्यांत माणके असलेल्या त्या शेंदरी मूर्तीकडे नजर, हात जोडलेले, ओठ भराभर हलताहेत आणि आवाज मात्र नाही. मागून ‘चला, पुढे सरका’ झाले तरी ओठ चालूच. काय मागितले ते तिला ठाऊक आणि विघ्नहराला.

शमुवेल हे नाव असल्याच हलत्या ओठांतून आले. बायबलातली हन्ना. सवत पनिन्ना लेकुरवाळी, हिची कूस रिकामी. शिलोच्या मंदिरात ती मुलगा मागत होती, पण शब्द ऐकू येईना. एली याजकाला वाटले, बाई प्यायलेली दिसते! (देवाच्या दारातल्या कारभाऱ्यांचा हा संशय सगळीकडचा.) मुलगा झाला तर तुलाच वाहीन, असा तिचा नवस. झाला, आणि दूध सुटल्यावर तिने त्याला खरोखरच शिलोला नेऊन सोडले. खंडोबाला वाहिलेले वाघ्ये ज्यांनी पाहिलेत, त्यांना यातले काही फोडून सांगायला नको. पुढे दर वर्षी ती त्याच्यासाठी एक लहानसा झगा शिवून न्यायची. वर्षभर न पाहिलेल्या पोराचे माप ती कशावरून धरत असेल? शेजारच्या पोरांवरून, की पनिन्नाच्या?

देवाकडून मागून घेतला म्हणून शमुवेल, असे हन्ना सांगते. हिब्रूच्या पंडितांना हे पटत नाही. ‘मागणे’ हा धातू बायबलातल्या शौल राजाच्या नावात आहे. शमुवेलात त्यांना ‘नाम’ आणि ‘देव’ दिसतात. असेनात का. बारशाला आईचा शब्द मोठा.

हे नाव कोकणात रुजले ते बेने इस्राएल ज्यूंमुळे. तेलाचा घाणा चालवणारी, शनिवारी तो बंद ठेवणारी ही माणसे. गाव त्यांना शनवार तेली म्हणे. आडनावे पेणकर, रोहेकर, नवगावकर अशी, आणि शमुवेलचा झाला सामाजी. त्यांतले सामाजी हसाजी दिवेकर ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत होते. टिपूच्या कैदेत सापडले. सांगतात, की ‘बनी इस्राईल’ हे नाव कानावर पडताच टिपूच्या आईला कुराणातला उल्लेख आठवला आणि जीव वाचला. सुटलो तर प्रार्थनामंदिर बांधीन, हा सामाजींचा नवस. तो त्यांनी 1796 साली मुंबईत फेडला. शहरातले ते पहिले सिनेगॉग. नवसातून आलेले नाव लावणाऱ्याने नवस बोलावा, याचे नवल आपल्याला कशाला वाटेल?

सिनेगॉगचे नाव शार हारहमीम, म्हणजे दयेचे दार. सामाजींचे नाव तिथल्या रस्त्याला लागले, पण इंग्रजी कागदांतून फिरून: सॅम्युएल स्ट्रीट. मस्जिद बंदरच्या हातगाड्यांच्या गर्दीत ती पाटी रुबाबदार दिसते खरी. मला मात्र सामाजीच बरे वाटते. हन्ना कोकणात राहत असती, तर तिने पोराला जेवायला हाक मारली असती ती याच नावाने.