राखणदाराची राखण

पूर्वी रानात पीक उभे राहिले की माळा घालीत. चार मेढी, वर गवताचे छप्पर, हातात गोफण आणि खाली एक कुत्रे, एवढी राखण पुरत असे. आता पाखरे हाकायला माणूस मिळत नाही आणि चोराची नजरही कणसावरून विहिरीवरच्या तांब्याच्या केबलीवर गेली आहे. म्हणून गोठ्यावर, पोल्ट्रीच्या शेडवर, डाळिंबाच्या बागेच्या फाटकावर कॅमेरे दिसू लागले आहेत.

मी गेली सत्तावीस वर्षे शेतीच्या विस्ताराचे काम करतो. शिक्षण राहुरीचे, बी.एस्सी. ॲग्री. त्या अभ्यासक्रमात कीड होती, रोग होते, जमिनीचा सामू होता, कॅमेरा नव्हता. पण बांधावर करप्याचे औषध सांगून झाले की हमखास प्रश्न येतो, "साहेब, जरा ह्यो कॅमेरा बघा की. चित्र अडकतंय." हे माझे खाते नव्हे, असे सांगणे जिवावर येते. म्हणून पुस्तके वाचून आणि जोडणी करणाऱ्या पोरांच्या मागे उभा राहून मी हा विषय थोडाफार शिकून घेतला. माझ्या समजुतीने कॅमेरा घेणाऱ्याला तीन गोष्टी कळल्या पाहिजेत. कॅमेऱ्याचा पत्ता काय, त्याच्या चित्राचे माप किती आणि त्याची किल्ली कोणाकडे.

आधी हे ध्यानी घ्यावे की जाळ्याला जोडलेला कॅमेरा म्हणजे भिंग लावलेला एक छोटा संगणकच असतो. या प्रकाराची सुरुवातही मोठी गमतीची आहे. १९९१ साली इंग्लंडमधल्या केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत कॉफीचे भांडे एका खोलीत आणि संशोधक दुसरीकडे, अशी स्थिती होती. उठून जावे तर भांडे रिकामे! तेव्हा त्यांनी भांड्यावर कॅमेरा रोखला आणि त्याचे चित्र आपल्या टेबलावरच्या संगणकावर आणले. मोटार चालू आहे की नाही हे बघायला आपण विहिरीवर हेलपाटा घालतो, तसलाच हेलपाटा त्यांना वाचवायचा होता. १९९३ पासून ते चित्र इंटरनेटवरून जगाला दिसू लागले आणि २००१ साली तो कॅमेरा बंद झाला. दरम्यान १९९६ साली स्वीडनच्या ॲक्सिस कंपनीने मध्ये दुसरा संगणक न लावता थेट जाळ्याला जोडता येणारा कॅमेरा विकायला काढला. आपल्या गोठ्यावरचा कॅमेरा त्याच कुळीतला.

आता पत्ता. घरातल्या जाळ्यावर प्रत्येक यंत्राला एक आकडा मिळतो. उदाहरणार्थ १९२.१६८.१.२०. हा आकडा राउटर देतो. राउटरला मी पाटकरी म्हणतो, कारण कोणत्या चारीला किती वेळ आणि कुठे पाणी सोडायचे हे जसे पाटकरी बघतो, तसे कोणती माहिती कुठल्या यंत्राकडे सोडायची हे राउटर बघतो. हे आकडे घरापुरतेच असतात. शेजारच्या वस्तीवरही हाच आकडा असू शकतो. गावोगाव मारुतीचे देऊळ असते. 'मारुतीच्या देवळाजवळ' एवढा पत्ता गावात चालतो, मुंबईच्या पोस्टात चालत नाही. तसेच हे आहे. जुन्या पद्धतीच्या पत्त्यांची एकूण संख्याच सुमारे ४३० कोटी, म्हणजे जगातल्या माणसांपेक्षाही कमी. म्हणून घराला बाहेरचा पत्ता एक आणि आतले पत्ते अनेक, अशी सोय करावी लागली.

यातून दोन अडचणी येतात. लाइट जाऊन आली की राउटर कधी कधी कॅमेऱ्याला नवा आकडा देतो. रेकॉर्डर मात्र जुन्याच आकड्यावर त्याला शोधत बसतो आणि आपण म्हणतो, कॅमेरा बिघडला. बिघडलेला काहीच नसतो. राउटरमध्ये त्या कॅमेऱ्याचा आकडा कायमचा राखून ठेवायला सांगावे.

दुसरी अडचण सिमकार्डावर चालणाऱ्या राउटरची. तिथे मोबाइल कंपनी बाहेरच्या एकाच पत्त्यामागे बरेच गिऱ्हाईक बसवते, त्यामुळे बाहेरून थेट तुमच्या कॅमेऱ्यापर्यंत सहसा वाटच नसते. मग कॅमेरा आपणहून कॅमेरा कंपनीच्या संगणकाकडे जातो, तुमचा फोनही तिकडेच जातो आणि दोघांची गाठ तिथे पडते. दोन गावची माणसे आठवडी बाजारात भेटावीत, तशी. म्हणून रेंज गेली की फोनवर चित्र दिसत नाही. पण कॅमेऱ्यात कार्ड असेल किंवा रेकॉर्डर जोडलेला असेल आणि वीज चालू असेल, तर नोंद होत राहते. एकट्या फोनवर विसंबू नये, ते यासाठीच.

आता चित्राचे माप. चित्र म्हणजे ठिपक्यांची रांगोळी. 'दोन मेगापिक्सेल' कॅमेऱ्यात एका ओळीत १९२० ठिपके आणि अशा १०८० ओळी, म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० ठिपके. अशी चित्रे भराभर दाखवली की हालचाल दिसते. सेकंदाला पंचवीस चित्रे म्हणजे आपल्या दूरदर्शनचा जुना वेग. गोठ्याला बारा-पंधरा पुष्कळ झाली. ही चित्रे आहे तशी पाठवायची म्हटली, तर सेकंदाला पंधरा चित्रे धरूनही दर सेकंदाला नव्वद मेगाबाइटच्या वर माहिती होईल. एवढा लोंढा खेड्यातल्या जोडणीला पेलणारा नाही. म्हणून कॅमेरा युक्ती करतो. एक चित्र पूर्ण पाठवतो आणि पुढच्या चित्रांत फक्त काय बदलले तेवढेच कळवतो. खोक्यावर एच २६४ किंवा एच २६५ असे लिहिलेले असते, ती याच युक्तीची नावे. पहिली २००३ सालची, दुसरी २०१३ सालची. दुसरीत तेवढ्याच चांगल्या चित्राला कमी माहिती लागते.

यावरून चित्र अडकण्याचे एक कारण कळते. म्हशी निवांत रवंथ करीत बसल्या असतील, तर बदल थोडा आणि माहिती थोडी. पण समोर वाऱ्याने हलणारा ऊस असेल, वरून पाऊस पडत असेल, तर सगळे चित्रच बदलत राहते. माहितीचा पूर येतो आणि जोडणी तुंबते. कॅमेऱ्याचे तोंड थोडे वळवून हलणारे पीक चौकटीबाहेर काढले, तरी फरक पडतो.

साठवणीचा हिशेब खताच्या मात्रेसारखा सरळ आहे. असा एक कॅमेरा साधारणपणे सेकंदाला दोन मेगाबिट माहिती काढतो असे धरू. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे सेकंदाला पाव मेगाबाइट, तासाला नऊशे मेगाबाइट आणि दिवसाला सुमारे साडेएकवीस गिगाबाइट. चार कॅमेऱ्यांचे दिवसाला साडेशह्याऐंशीच्या आसपास. एक टेराबाइटची डिस्क साडेअकरा दिवसांत भरते आणि मग जुन्यावर नवे लिहिले जाते. सामान चोरीला गेल्याचे तुम्हाला पंधरा दिवसांनी कळले, तर ती रात्र डिस्कवर उरलेलीच नसते. घेतानाच दुकानदाराला 'किती टीबी' असे न विचारता 'किती दिवस' असे विचारावे.

जोडणी घेतानाही एक पाहावे. कॅमेरा माहिती पाठवतो, घेत नाही. म्हणून आपल्याला अपलोडचा वेग महत्त्वाचा आणि जाहिरातीत बहुधा डाउनलोडचा आकडा मोठा छापलेला असतो. फोनवर बघायला कॅमेऱ्यातला 'सबस्ट्रीम' हा लहान प्रवाह निवडावा. मोठा प्रवाह रेकॉर्डरसाठी ठेवावा. जाळ्याची केबल शंभर मीटरपर्यंतच धरावी. पुढे जायचे तर मध्ये स्विच हवा. कॅमेरा आणि स्विच त्या जातीचे असतील, तर वीजही त्याच केबलीतून जाते. वायफायवर विसंबणाऱ्यांनी पिकाची उंची ध्यानात घ्यावी. पानातले पाणी वायफायच्या लहरी शोषून घेते. लागण गुडघ्याएवढी असताना झकास चालणारा कॅमेरा ऊस डोक्यावर गेल्यावर अडखळतो, तो त्यामुळे.

आता किल्लीविषयी, आणि मला खरे सांगायचे आहे ते हेच. गेल्या उन्हाळ्यात मी एका वस्तीवर मुरघासाची माहिती द्यायला गेलो होतो. नवरा-बायको, म्हातारी सासू, कॉलेजला जाणारी मुलगी आणि दहा-बारा म्हशी. चहा देताना त्या बाई म्हणाल्या, "साहेब, एक इच्यारू का? ह्यो कॅमेरा गोठ्याकडं बघतोय का आमच्याकडं?" मालकांच्या फोनवर चित्र उघडून पाहिले. गोठा दिसत होता, हौद दिसत होता आणि हौदामागे तट्ट्याची न्हाणीही कोपऱ्यात दिसत होती. कॅमेरा लागल्यापासून मायलेकी दिवस उगवायच्या आत, अंधारात आंघोळी उरकत होत्या. कॅमेरा इन्फ्रारेड दिव्यावर अंधारातही बघतो, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते.

मी विचारले, "हे चित्र आणखी कोणाच्या फोनवर दिसतं?" मालक आठवू लागले. पुण्याचा पुतण्या. एक मित्र. आणि ज्या मुलाने कॅमेरा बसवला, त्याने खातेच स्वतःच्या मोबाइल नंबरवर उघडले होते. पासवर्ड कारखान्यातून आला तोच. त्या मुलाच्या मनात काही वाईट होते असे मी म्हणणार नाही. कामाच्या घाईत असे होते. पण मालकांनी चहाची कपबशी खाली ठेवली ती ठेवलीच. दूध काढायच्या वेळेपर्यंत आम्ही तेवढेच काम केले. टाचणीने बटण दाबून कॅमेरा कोरा केला. नवे खाते बाईंच्या फोनवर उघडले आणि त्यातून मालकांना परवानगी दिली. तोंड वळवले आणि जो कोपरा तरीही दिसत होता, त्यावर सेटिंगमधून काळी पट्टी टाकली. बाईंनी आपल्या फोनवर बराच वेळ पाहिले आणि म्हणाल्या, "म्हशी दिसत्यात, आमी दिसत न्हाय. आता बरं."

पासवर्ड न बदलण्याचा उपद्रव घरापुरताच राहतो असेही नाही. २०१६ साली 'मिराई' नावाचा एक उपद्रवी प्रोग्रॅम इंटरनेटवर फिरत होता. कारखान्यातून येणारी साठेक नावे आणि पासवर्ड त्याला पाठ होते. तेवढ्यावर त्याने जगभरचे लाखो कॅमेरे, रेकॉर्डर आणि राउटर ताब्यात घेतले. त्यांच्याच जोरावर २१ ऑक्टोबर २०१६ रोजी डिन या कंपनीवर माहितीचा पूर सोडला गेला आणि अमेरिकेतली मोठमोठी संकेतस्थळे काही तास बंद पडली. कॅमेऱ्यांच्या मालकांना सहसा पत्ताही नव्हता. कुंपणच शेत खाते म्हणतात, ते असे. आपल्या सरकारनेही एप्रिल २०२५ पासून विक्रीच्या कॅमेऱ्यांना सुरक्षिततेची तपासणी सक्तीची केली आहे. पण खोक्यावर शिक्का असला, तरी पासवर्ड आपणच बदलायचा असतो. आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ ई कलमाप्रमाणे कोणाच्या खासगी अंगाचे चित्र संमतीवाचून टिपणे किंवा पसरवणे हा गुन्हा आहे. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

तेव्हा वाचकहो, कॅमेरा जरूर घ्या. मात्र खाते आपल्या नंबरवर, आपल्या समोर उघडून घ्या. पासवर्ड लांब ठेवा, तो एका वहीत लिहून कपाटात ठेवा आणि नातेवाइकांना तो न देता ॲपमधून परवानगी द्या, म्हणजे पुढे ती काढूनही घेता येते. राउटरचाही पासवर्ड बदला. कोणी राउटरमध्ये बाहेरून आत यायची वाट उघडू लागला, तर ती कशासाठी हे विचारा. गरज नसेल तर बंदच राहू द्या. वर्षातून एकदा, पोळ्याला बैल धुताना म्हणा, कॅमेऱ्याची काच पुसा, सॉफ्टवेअर नवे करून घ्या आणि कोणाकोणाच्या फोनवर चित्र जाते ते तपासा.

आणि कॅमेऱ्याची जागा ठरवताना दुकानदाराच्या आधी घरातल्या बायामाणसांना विचारा. आंगण त्यांचेही आहे.