जरा ॲडजस्ट करा ना!

लोकलमध्ये तीन जणींच्या सीटवर चौथी जागा मागताना म्हणतात, तेच वाक्य ऑफिसात बॉसकडून आणि घरी घरमालकाकडूनही ऐकू येतं... ‘जरा ॲडजस्ट करा ना!’ या शब्दाची मला जाम चीड होती. होती म्हणतेय, कारण त्याचा खरा अर्थ मला बाबांनी शिकवला. तोही छताला लटकणाऱ्या दिव्याच्या पट्टीवरून!

आम्ही भंडाऱ्याचे. नागपूरहून साधारण 60 किलोमीटर, वैनगंगेकाठचं शहर. भंडाऱ्याची जुनी ओळख म्हणजे पितळ. पितळी गुंड, घागरी, हंडे एकेकाळी लग्नाच्या आंदणात हमखास असायचे. मग स्टील आलं, प्लॅस्टिक आलं आणि गुंडाची रवानगी शोकेसमध्ये झाली. बाबांच्या छोट्या कारखान्यात चार कारागीर होते, त्यांचे दोन झाले. त्या दोघांना टिकवायचं तर नवं काहीतरी विकणं भाग होतं.

नवं म्हणजे पेंडंट लाइट. उपड्या गुंडासारखी पितळी शेड, आत एलईडी बल्ब. मुंबईतल्या एका इंटिरिअर डिझायनरला आयडिया एकदम पसंत पडली. पहिली बॅच गेली आणि फोन सुरू! दिवे झक्कास, पण छताला बसेनात.

कारण सोपं आहे. दिवे सगळे सारखे, छतं मात्र घरोघरी वेगळी. कुठे स्लॅबमध्ये पंख्याचा हूक, कुठे लोखंडी फॅन बॉक्स, कुठे आधीच्या भाडेकरूने पाडलेली दोन भोकं. फॉल्स सीलिंग असेल तर आणखी मजा. जिप्सम बोर्डावर जड दिवा टांगायचा नसतो, तो वरच्या स्लॅबलाच अडकवावा लागतो. आणि हौसेने बांधलेल्या वीकएण्ड होमला कौलांचं उतरतं छप्पर!

‘‘आजीचा लामणदिवा कोणत्याही घरात कसा काय बसते?’’ बाबांनी मला फोनवर विचारलं आणि उत्तरही स्वतःच दिलं. साखळी! हूक कसाही असो, कड्या आपोआप वळतात आणि दिवा ओळंब्यात राहतो. ‘‘छत वाकडं राहते बाई, पण दिवा सरळच लटकला पाहिजे.’’ आमच्या पेंडंटला साखळीऐवजी कडक दांडी होती. म्हणजे साखळीचं हे शहाणपण आता दांडीवरच्या ब्रॅकेटमध्ये भरायचं होतं.

त्या दिवाळीत आमच्या घरी फराळाबरोबर फक्त ब्रॅकेट होतं. छताला लागणाऱ्या पट्टीला गोल भोकांऐवजी लांबट खाचा दिल्या, म्हणजे दोन स्क्रूंमधलं अंतर थोडं कमी-जास्त असलं तरी चालतं. पट्टीखाली फिरणारी चकती आणि चकतीखाली बिजागरीसारखा सांधा. बिजागरी एकाच रेषेत झुकते, पण चकती फिरते, त्यामुळे छपराचा उतार कुठल्याही बाजूला असो, दांडी सरळ खाली येते. हे सगळं झाकायला वर पितळी वाटी.

मला वाटलं, झालं काम! बाबांची खरी डोकेदुखी मात्र इथून पुढे होती. जी जागा हलते, ती घसरूही शकते. शेजारी पंखा फिरतो, थरथर होते, नट सैल होतो. मग प्रत्येक हलत्या जागी दात्यांचा वॉशर आला. चकती गोल गोल फिरली तर आतली वायर पिळली जाते, म्हणून अर्ध्या फेऱ्यावर अडणी. सांधा दोन्हीकडे झुकत असल्यामुळे तेवढा फेरा पुरतो. वायरने वजन अजिबात पेलायचं नाही, आणि ती जिथून जाते त्या भोकाला रबरी बुश. पितळेतून करंट जातो, म्हणून अर्थिंगचा स्क्रू मस्ट! आणि आयुष्यभर पितळ घडवलेल्या माणसाने ही पट्टी चक्क पोलादाची केली, जस्ताचा मुलामा दिलेली. मजबूत आणि स्वस्त. ‘‘दिसाले पितळ, धराले लोखंड,’’ एवढंच म्हणाले.

ॲडजस्ट होणं म्हणजे काय, ते मला त्या पट्टीने दाखवलं. सरकायचं, वळायचं, झुकायचं. पण कुठवर, ते आधीच ठरवायचं. आणि जागेवर आलं की नट घट्ट आवळायचा!

मग परीक्षा. दिव्यांच्या आंतरराष्ट्रीय मानकात टांगत्या दिव्यासाठी एक कडक अट आहे. दिव्याच्या चौपट वजन तासभर टांगायचं आणि तरी काही वाकता कामा नये. आमचा दिवा 3 किलोचा, म्हणजे 12 किलो. भंडारा धानाचा जिल्हा, त्यामुळे वजन म्हणून अर्थातच तांदूळ! तासाभराने मी पोतं काढायला गेले, तर बाबांनी हात धरला. ‘‘राहू दे. हा दिवा जेवणाच्या टेबलावर लटकते. खाली कोणाचं तरी लेकरू बसते.’’ पोतं रात्रभर टांगलेलं राहिलं. सकाळी बाबांनी स्टुलावर चढून एकेक नट चाचपला. आईने दुपारी त्याच तांदळाचा भात लावला.

नव्या ब्रॅकेटची बॅच गेली, तेव्हा फोन आले ते आणखी दिवे मागायला. ऑर्डर फार मोठ्या नाहीत. पण दोन्ही कारागीर अजून कामावर आहेत.

तेव्हा पुढच्या वेळी पेंडंट घ्यायला जाल, तर शेडवर फिदा होण्याआधी दुकानदाराला तेवढी वाटी खाली सरकवायला सांगा. खरा माल तिच्या आत आहे!