बंदुकीची बैठक

मांडव्याच्या खाऱ्या दमट हवेत लाकूड फुगते. म्हणून कन्येच्या छर्र्याच्या बंदुकीस आम्ही कृत्रिम द्रव्याचा दस्ता घेतला. तो फुगत नाही. परंतु पोलाद त्यात नीट न बसल्यास स्क्रू आवळताच ताण पडून नेम ढळतो. दहा मीटरांवरील दहा गुणांचा ठिपका अवघा ०.५ मिलिमीटरचा! स्पर्धा आठवड्यावर आलेली. आम्ही घरीच ती फट इपॉक्सी राळेने भरली. पोलादास व स्क्रूस आधी मेण चोळले. एरवी दोन्ही जिनसा कायमच्या जखडल्या असत्या. रात्रभर कोणासही धड झोप नव्हती. प्रातःकाळी बंदूक अलगद सुटली. २०२४ साली पॅरिसला कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळे यांनी रायफल नेमबाजीत कांस्यपदक मिळविले, तेव्हापासून मुलांचे डोळे पदकाकडे लागले आहेत. वडीलधाऱ्यांनी बैठकीकडे लक्ष द्यावे, हे बरे.